शांतवन मापारीचा काटा

शांतवन मापारीला नवीन माणूस भेटला की तो आधी सलाम करत नाही, नाव विचारत नाही, गाव विचारत नाही. तो म्हणतो, "जरा आ करा."

आमचे नवे पाळकसाहेब चिखलीला आले त्या दिवशी त्यांचं सामान अजून टेम्पोतच होतं. पाळकीणबाई गॅसची टाकी धरून उभ्या होत्या. शांतवन पुढं गेला, मान तिरपी केली आणि म्हणाला, "पाळकसाहेब, जरा आ करा." साहेबांना वाटलं, हा दातांचा डॉक्टर. बिचाऱ्यांनी खरंच तोंड उघडलं. वर म्हणाले, "उजवीकडची दाढ दुखते."

"दाढ ठेवा बाजूले. आवाज काढा. आऽऽ."

साहेबांनी आवाज काढला. शांतवननं डोळे मिटून ऐकला आणि माझ्याकडं वळून निकाल दिला, "हलका हाय मिस्त्री. पन माल कोरडा हाय. चालते."

मला सगळे मिस्त्री म्हणतात, कारण मी सुतार. हा शांतवन धान्याच्या बाजारात मापारी होता. सगळा जन्म त्याचा पोती तोलण्यात गेला. पुढं तोलायला यंत्रं आली, ह्याचं वय झालं, काटा हातातून गेला. पण तोलायची खोड कुठं जाते? धान्य संपलं तसा तो माणसांचे आवाज तोलायला लागला. आमच्या चर्चमध्ये गाणाऱ्यांचा म्होरक्या तो आधीपासून होताच. तिथं त्याला रान मोकळं मिळालं.

त्याच्या हिशेबानं दाविद ड्रायव्हरचा आवाज सोयाबीन, म्हणजे गोल, घरंगळणारा, कुठं जाईल त्याचा भरवसा नाही. पेटी वाजवणाऱ्या मार्थाबाईंचा कापूस. दिसायला ढीगभर, काट्यावर टाकला की काही नाही. कुणाला सर्दी झाली असेल तर शांतवन त्याला बाकावरून उठवायचा. "ओला माल आज घेत नाई. वाळवून आन."

आणि माझा आवाज? लग्न झालं त्या वर्षी मी हौसेनं त्याच्यापुढं आ केला होता. त्यानं मध्येच हात वर केला. "थांब मिस्त्री. हे वजनातच धरता येत नाई." तेव्हापासून मी दाराजवळच्या बाकावर, तोंड मिटून.

आता बाजूंचं सांगतो, कारण शांतवनचं सगळं जग त्या दोन बाजूंत आहे. आमचं चर्च लहान, वर टिनपत्रं. वेदीच्या एका हाताला पाळकसाहेबांची खुर्ची, तिथलं बाक म्हणजे पाळकाची बाजू. दुसऱ्या हाताला पेटी, तिथलं बाक म्हणजे पेटीची बाजू. दोन्ही बाकं समोरासमोर. पाच जण इकडं, पाच तिकडं; शांतवन स्वतः पेटीच्या बाजूला. स्तोत्राची एक ओळ ह्यांनी म्हणायची, दुसरी त्यांनी, शेवटची दोघांनी मिळून. ही रीत कुणी घातली ते आता कुणालाच ठाऊक नाही. पण बाकं कुणी केली ते मला ठाऊक आहे. सागवानाची आहेत, मी केलेली. शांतवन तेव्हा दोरी घेऊन माझ्या डोक्यावर उभा होता. दोन बाकांत बोटाचा फरक निघाला म्हणून त्यानं मला एक बाक परत रंधायला लावलं.

"काटा पाह्य, मिस्त्री, काटा!" हे त्याचं पालुपद. मी म्हणालो, "अबे, बाकाले कुठचा काटा?" तर म्हणाला, "बाक म्हंजे पारडं व्हय."

त्याच्याकडं एकदा ज्या बाजूला बसला तो मरेपर्यंत त्याच बाजूचा. दाविद ड्रायव्हर पेटीच्या बाजूला आणि त्याची बायको पाळकाच्या. एका वर्षी दोघांचं घरात असं जुंपलं की बोलणंच बंद. बायको म्हणाली, मला ह्यांच्या तोंडासमोर बसायचं नाही, बाजू बदलून द्या. शांतवन म्हणाला, "घरी नका बोलू. इथं त्यानं एक ओळ म्हनली का तू दुसरी म्हन. आठवड्यातून एकदा तरी त्याले जवाब भेटन." सहा महिने त्या दोघांचा संसार स्तोत्रावर चालला! दर रविवारी तो एक ओळ फेकायचा, ती डोळे वटारून दुसरी परतवायची. ते दोघं इतकं चांगलं पुन्हा कधी गायले नाहीत. त्यांची दिलजमाई झाली तेव्हा शांतवनच एकटा नाराज होता.

सुरुवात करून द्यायची त्याची तऱ्हाही मापाऱ्याचीच. जुने मापारी मोजताना एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. हाही तेच करतो. पाय आपटतो, बोट वर करतो आणि म्हणतो, "लाभ, दोन, तीन!" की गाणं सुरू. एकदा बाहेरगावचे मोठे पाळक आले होते. वेदीपुढं 'लाभ' ऐकून ते दचकले. म्हणाले, "हे काय? इथं काही खरेदी-विक्री चालते का?" शांतवन हात जोडून म्हणाला, "नाई साहेब. पयला आकडा देवाचा हाय, आपन तो तोंडानं कायले घ्या?" मी दारातून पाहिलं, नंतर मोठ्या पाळकांचाच पाय 'लाभ, दोन' करत होता.

जीपमध्येसुद्धा त्याला चैन नाही. देऊळगाव राजाला एका लग्नाला निघालो होतो. जीप खचाखच. ह्यानं सगळ्यांना उतरवलं! जाडा माणूस इकडं, त्याच्यासमोर दोन बारीक तिकडं, एका म्हातारीची कोंबडी तिसऱ्याच्या मांडीवर. जीपवाला ओरडला, "ओ बुढेबाबा, गाडी माही हाय!" शांतवन म्हणाला, "गाडी तुही, पन तोल देवाचा." आम्ही पोचलो तेव्हा लग्न लागून पंगत बसली होती. कोंबडीनं तिसऱ्याची पँट खराब केली होती. पण जीप एका अंगाला झुकली नाही, हे शांतवननं नवरदेवालाही सांगितलं.

आता माझ्या बायकोचं. सगुणा तिचं नाव. ती पाळकाच्या बाजूला पहिल्या जागेवर बसायची. बुटकी होती, बाकावर बसली की पाय लोंबकळायचे. म्हणून मी तिच्या जागेखाली एक फळी ठोकून दिली, पाय टेकायला. तेवढ्याच जागेला फळी आहे. दुसरं कुणी चुकून बसलं की नडगीवर आपटून ओरडतं. बाकी कुणाचं कौतुक न करणारा शांतवन तिच्याबद्दल एवढंच म्हणायचा, "भरलेला दाना." मी घरी येऊन तिला सांगितलं की ती पदरात तोंड घालून हसायची. "मापारीभाऊ मले पोत्यात भरतीन एक दिवस."

मागच्या उन्हाळ्यात ती गेली. आठ दिवस ताप आला आणि गेली. त्याच्यावर मला जास्त लिहायचं नाही.

मातीला शांतवन आला. खांदेकऱ्यांची उंची पाहून त्यानं इकडचे तिकडं केले, शवपेटी सरळ चालावी म्हणून. कबरीजवळ गायला दोन बाजू लावल्या. सगळे मला धरून रडले, हा आला नाही. टोपी हातात घेऊन निघून गेला. मला तेव्हाच राग आला होता.

त्यानंतर मी चर्चच्या आत गेलो नाही. रविवारी यायचो, पण दारासमोरच्या कडुलिंबाखाली बसायचो. आतून ती जागा दिसते. फळीसकट दिसते. बाहेर काही दिसत नाही, फक्त ऐकू येतं. पाळकसाहेब दोनदा बोलवायला आले. मी म्हणालो, साहेब, देवाला बाहेरूनही ऐकू येतं.

शांतवननं एकदाही 'आत ये' म्हटलं नाही. उपासना सुटली की तो सरळ लिंबाखाली यायचा आणि विचारायचा, "बाहेरून कसं आलं? दोन्ही बाजू सारख्या?"

मी म्हणायचो, "हाव. सारख्या."

"पक्कं?"

"पक्कं, बे."

मग तो जायचा. 'जेवला का', 'झोप लागते का', काही नाही. दर रविवारी तेवढंच. आणि खरंच बाजू सारख्या यायच्या! मी सुतार माणूस, लाकूड ठोकून आत किडलं का ते आवाजावरून सांगतो. इकडची ओळ आणि तिकडची ओळ, तिळाचा फरक नव्हता. असे तीन-चार महिने गेले आणि एक दिवस माझं डोकं फिरलं.

"शांतवन," मी म्हणालो, "तुले शरम नाई का? माही बायको गेली. तिच्या बाजूले चार उरले, तुह्या बाजूले पाच. तरी तुहा काटा सारखाच? म्हंजे तिचं वजनच नव्हतं काय बे? भरलेला दाना म्हनत होता नं तू!"

कानाला पेन्सिल लावायची त्याची जुनी सवय, ती काढली, परत लावली. म्हणाला, "काटा खोटं बोलत नाई, मिस्त्री." आणि सायकल घेऊन गेला. तीन रविवार मी त्याच्याशी बोललो नाही. तो मात्र विचारतच होता. मी नुसती मान हलवायचो. त्यालाही तो 'हाव' धरायचा.

मग कापणीचा सण जवळ आला आणि विल्सननं बार उडवला.

विल्सन आमच्या मंडळीतला नवा जोरदार गडी. मोबाइलचं दुकान आहे, कीबोर्ड वाजवतो. पाळकसाहेबांच्या ओसरीवर कमिटीची बैठक होती, तिथं तो म्हणाला, "दोन बाकं समोरासमोर ठेवायची काय गरज हाय? सगळे गाणारे समोर एका ओळीत उभे करा, माइक द्या, लोकाईकडं तोंड करून म्हनू द्या. बाकं काढून मागच्या खोलीत टाकू. जागा भी भेटन." आणि माझ्याकडं वळून म्हणाला, "मिस्त्रीकाका, ती खालची फळी तेवढी कापून द्या. दारातून बाक निघत नाई तिच्यानं."

सगळे माझ्याकडं पाहायला लागले. खरं सांगतो, मला वाटलं, कापावी. बाक गेलं की जागा गेली, जागा गेली की मला आत येऊन बसता येईल. मी 'बरं' म्हणणार, तेवढ्यात शांतवन उठला. असा उठला की त्याची खुर्ची मागं पडली.

"फळीले कोनी हात लावला त माह्याशी गाठ हाय!"

"काका, तुमच्या भल्यासाठीच म्हनून राह्यलो," विल्सन म्हणाला. "एक बाजू पाचाची अन् एक चाराची. ती जागा भरून तरी घ्या मंग. आमची शीतल हाय, बसते ती."

"नाई भरत."

"काऊन?"

"रिकामं पोतं पाह्यलं का कधी? त्याले बारदाना म्हन्तात. त्याच्यात एक दाना नसला तरी त्याचं वजन असते. काट्यावर ते बी धरावं लागते. समजलं काय, पोट्ट्या?"

"पन मंग तोल कसा राहीन? चार अन् पाच सारखे कसे होतीन?"

"होतात! इचार मिस्त्रीले! तो दर रविवारी बाहेर बसते!"

पाळकसाहेबांना भांडण नको होतं. ते म्हणाले, "असं करू. सणाच्या दिवशी मी दारात उभा राहून लोकांची वाणं घेणारच आहे. मिस्त्रीही तिथंच असतील. आम्ही दोघं ऐकतो. बाजू सारख्या आल्या तर बाकं राहतील. नाही आल्या, तर विल्सन म्हणतो तसं." सगळे हो म्हणाले. शांतवनही म्हणाला. पण जाताना मी पाहिलं, सायकलच्या कुलुपात त्याची चावी जात नव्हती.

सणाची सकाळ! काय गर्दी सांगू! सोयाबीनच्या टोपल्या, तुरीच्या शेंगा, कापसाची बोंडं, ऊस, पेरू, मेथीच्या जुड्या, पाय बांधलेला एक कोंबडा. शेजारच्या मळ्यातल्या माळ्यांनीही आपल्या वांग्यांची पाटी पाठवली होती. ते आमच्यातले नाहीत, पण दरवर्षी पाठवतात. लिंबाखाली जेवणाच्या कढया चढलेल्या, म्हणून माझी जागा गेली. मी दारात पाळकसाहेबांच्या शेजारी उभा. लोक ओळीनं वाण घेऊन आत जाणार, वेदीपुढं ठेवणार आणि तोवर दोन्ही बाजू स्तोत्र म्हणणार, ही आमची रीत.

आतून आवाज आला. "लाभ, दोन, तीन!"

पाळकाच्या बाजूची ओळ आली. मग पेटीच्या बाजूची. साहेबांनी डोळे मिटले. पुन्हा इकडची, पुन्हा तिकडची. दोन कडवी झाली. साहेबांनी डोळे उघडले आणि हसले. "सारख्या आहेत हो मिस्त्री! अगदी सारख्या!"

"हाव," मी म्हणालो. बाकं राहिली होती.

तेवढ्यात ओळीतली एक म्हातारी दारात थबकली. तिच्या हातात भोपळा होता, केवढा म्हणता, माझ्या टूलकिटएवढा! तिला पायरी चढवेना. साहेबांनी भोपळा उचलला आणि सरळ माझ्या हातात दिला. "मिस्त्री, एवढा आत ठेवून या."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. पण मागून लोक ढकलत होते, पुढं कोंबडा ओरडत होता आणि हातात भोपळा असलेला माणूस कुठं पळणार? मी आत गेलो. मधल्या वाटेनं चालत गेलो. खाली बघत होतो, सगुणाची जागा दिसू नये म्हणून. वेदीशी आलो तो दोन्ही बाकांच्या मधोमध, आणि शांतवन माझ्यापासून हातभर अंतरावर.

पेटीच्या बाजूची ओळ चालली होती. शांतवन मान डोलवत होता. गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या, तोंड हे एवढं उघडं. बाकी सगळं बरोबर होतं. फक्त आवाज नव्हता.

मी भोपळा घेऊन तसाच उभा राहिलो. वाटलं, माझे कान गेले. मी वाकलो, त्याच्या तोंडाजवळ कान नेला. श्वास ऐकू आला, पाय आपटलेला ऐकू आला. आवाज नाही. ज्याच्या आवाजानं टिनपत्रं थरथरायची, बाजारात अर्ध्या मैलावरून हाक ऐकू जायची, तो माणूस नुसतं तोंड हलवत होता. शेजारी दाविद ड्रायव्हर माझी नजर चुकवून पेटीकडं पाहायला लागला. म्हणजे ह्या सगळ्यांना ठाऊक होतं. मी एकटाच बाहेर बसून नुसत्या बाजू तोलत होतो, कुणाचा आवाज गळला ते ऐकलंच नव्हतं.

सगुणा गेली, तिकडचं पारडं हलकं झालं. तिथं दुसरं कुणी बसवलं असतं तर तोल लगेच साधला असता. ते ह्यानं केलं नाही. ह्यानं आपल्या पारड्यातून आपल्यालाच उचलून बाहेर ठेवलं. पाच महिने! ह्या माणसाला बायको नाही, मूल नाही, घरी भिंतीशी बोलतो. रविवारचा तो एक तास गाणं, एवढीच त्याची मिळकत. ती त्यानं सोडली होती. आणि मी लिंबाखाली त्याची लाज काढली होती.

ओळ संपली. पुढचं कडवं सुरू व्हायचं होतं. मी मागं वळलो आणि सगुणाच्या जागेवर बसलो. नडगी फळीवर अशी आपटली की डोळ्यांत पाणी आलं. भोपळा त्या फळीवर ठेवला, दोन्ही पायांमध्ये.

शांतवनचं बोट वर होतं, तसंच राहिलं.

"काय बे मिस्त्री," तो समोरून घोगऱ्या आवाजात म्हणाला, "तू इथं कायले?"

"बारदाना," मी म्हणालो. "धर मले वजनात."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग फळीकडं, भोपळ्याकडं. कानामागची पेन्सिल काढून खिशात ठेवली. दोनदा खाकरला.

"लाभ," तो म्हणाला. पुढचे आकडे त्याच्या तोंडून निघालेच नाहीत. आमच्या बाजूनं त्याच्याशिवायच सुरुवात केली. मी इतक्या वर्षांनी चर्चमध्ये गायला तोंड उघडलं आणि जे काय निघालं ते ऐकून शेजारची बाई माझ्यापासून दूर सरकली. मग पेटीच्या बाजूची ओळ आली. पहिले दोन शब्द गंजलेल्या फाटकासारखे. तिसऱ्या शब्दाला तो आवाज सुटला! टिनपत्रं वाजली, खिडकीची काच वाजली, मार्थाबाईंची बोटं पेटीवर घसरली. मागं विल्सन कीबोर्ड सोडून उभा राहिला. दारातून पाळकसाहेब आत डोकावले.

जेवणं सुरू झाली तेव्हा मी लिंबाखाली पत्रावळ घेऊन बसलो होतो. शांतवन आला. वाढप्याला माझ्या पत्रावळीवर अजून भाजी घालायला लावली, भोपळ्याचीच होती. मग शेजारी बसला. सवयीनंच असेल, विचारलं, "कसं आलं? दोन्ही बाजू सारख्या?"

मी त्याच्याशी खोटं बोललो नाही. "नाई," मी म्हणालो. "तुही बाजू लय जड झाली."

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि माझ्याकडं न पाहता म्हणाला, "होऊ दे."